घराचा हप्ता आणि मुलांची तालीम

(सोसायटीच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून गृहकर्जाविषयी बोलणे काहींना विषय सोडून बोलण्यासारखे वाटेल. परंतु घराचा हप्ता आणि मुलांची फी ही दोन्ही एकाच पगारातून जातात. हप्ता बँक आपणहून कापून घेते. फी मात्र उरलेल्या पैशातून भरावी लागते. म्हणून ज्या घरात कर्ज लांबते, त्या घरात शिक्षणाला कात्री लागण्याचा धोका असतो, आणि बहुधा ही कात्री प्रथम मुलीच्या शिक्षणाला लागते. बँकेच्या काउंटरमागे आयुष्याची बरीच वर्षे काढल्यावर माझी ही खात्री झाली आहे. तेव्हा आज मी एकाच गोष्टीचा ऊहापोह करणार आहे : दरमहा थोडी जास्त रक्कम भरून घराचे कर्ज मुदतीच्या आत कसे फेडावे, आणि ते कोणत्या वेळेच्या आत फेडावे.

‘गहाण’ हा शब्द आपल्या मुलखात जुना आहे आणि त्याची धास्तीही जुनीच आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांचा रोख प्रामुख्याने सावकाराच्या घरातील कर्जरोख्यांवर आणि गहाणखतांवर होता. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारला वेगळा कायदा करावा लागला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे सामान्य माणसाला घर बांधण्यासाठी कर्ज मिळणे दुर्मीळच होते. आपल्या वडिलांच्या पिढीने घरे बांधली ती जहाजावरच्या आणि आखाती मुलखातल्या कमाईतून, प्रॉव्हिडंट फंडातून, किंवा घरातले सोने मोडून; या वर्षी जोते, दोन वर्षांनी भिंती, पुढे केव्हातरी कौले. १९७७ साली एच. टी. पारेख यांनी केवळ गृहकर्ज देणारी एचडीएफसी ही संस्था सुरू केली, आणि पुढल्या काळात पगारदार माणसाला वीस-वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज मिळणे शक्य झाले. आज मुंब्र्यापासून रत्नागिरीपर्यंत आपल्या समाजातल्या असंख्य कुटुंबांच्या घरांची कागदपत्रे बँकेच्या कपाटात आहेत.

सावकाराच्या गहाणात आणि आजच्या गृहकर्जात एक मोठा फरक आहे. आजचे व्याज घटत्या शिलकेवर लागते. म्हणजे मुद्दल जितके राहिले असेल तितक्यावरच त्या महिन्याचे व्याज. मुद्दल लवकर उतरवले की व्याज त्याच महिन्यापासून उतरते. सारे रहस्य एवढेच आहे. पण कर्ज घेताना ते आपल्याला कोणी सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

विद्यार्थी मित्रहो, आता वही-पेन्सिल घ्या. चक्रवाढ व्याज तुम्ही आठवीच्या वर्गात शिकता. ते गणित कुठे वापरायचे हा प्रश्न तुम्हाला पडत असेल, तर तो तुमच्या स्वतःच्या घरात वापरायचा आहे. समजा वडिलांनी २० लाख रुपये कर्ज घेतले, दर साल ९ टक्के, मुदत २० वर्षे. नऊला बारांनी भागा. महिन्याला पाऊण टक्का, म्हणजे लाखाला दरमहा ७५० रुपये. वीस लाखांना पहिल्या महिन्याचे व्याज झाले १५,००० रुपये. या कर्जाचा हप्ता येतो सुमारे १७,९९५ रुपये. त्यातून १५,००० व्याजात गेले, मुद्दलात जमा झाले फक्त २,९९५. दुसऱ्या महिन्यात मुद्दल १९,९७,००५; त्याचे व्याज १४,९७८; मुद्दलात जमा ३,०१७. असे २४० महिने चालवा.

याचा परिणाम काय होतो पाहा. दहा वर्षे, म्हणजे अर्धी मुदत, एकही हप्ता न चुकवता भरली. खिशातून गेले २१ लाख ५९ हजारांहून थोडे अधिक. आता किती कर्ज राहिले असेल? बहुतेक जण सांगतात, निम्मे, म्हणजे दहा लाख. प्रत्यक्षात राहिलेले असतात १४ लाख २० हजार! वीस वर्षांच्या शेवटी एकूण भरणा होतो सुमारे ४३ लाख १९ हजार, आणि त्यात व्याज असते २३ लाखांच्या वर. यात बँकेची लबाडी नाही; हा अंकगणिताचा नियम आहे. मात्र तोच नियम आपल्या बाजूनेही वळवता येतो.

समजा याच गृहस्थाने पहिल्या महिन्यापासून हप्त्याबरोबर २,००० रुपये जास्त भरले. दिवसाला सरासरी पासष्ट-सहासष्ट रुपये. हे सर्वच्या सर्व मुद्दलात जातात. तेव्हा पहिल्या महिन्यात मुद्दलाची फेड २,९९५ ऐवजी ४,९९५ होते. कर्ज २४० महिन्यांऐवजी १८६ महिन्यांत, म्हणजे साडेपंधरा वर्षांत संपते आणि व्याजाचे सहा लाखांहून अधिक रुपये वाचतात. ५,००० रुपये जास्त भरले तर कर्ज सुमारे बारा वर्षांत संपते आणि साडेदहा लाखांहून अधिक व्याज वाचते. दरमहा जमत नसेल तर वर्षातून एक हप्ता जादा भरावा. बोनस आला, रजेचा पगार आला, आखातातून भावाने काही पाठवले, त्यातून. तेवढ्यानेही सुमारे साडेतीन वर्षे वाचतात.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. जादा रक्कम किती भरली याइतकेच ती केव्हा भरली यालाही मोल आहे. याच कर्जात पहिल्या वर्षाच्या अखेरीस एकदाच एक लाख रुपये भरले, तर शेवटचे सुमारे सत्तावीस हप्ते वाचतात. तोच लाख पंधराव्या वर्षाच्या अखेरीस भरला, तर आठच हप्ते वाचतात. म्हणून ‘आत्ता हात ओढीचा आहे, पुढे पगार वाढला की एकदम भरू’ हा विचार महागात पडतो. आज थोडे भरणे हे पुढे पुष्कळ भरण्यापेक्षा हिताचे ठरते. घरात लग्नकार्य निघाले की मंडपाला, रोषणाईला आणि जेवणावळीला काही लाख सहज लागतात. वलीमा साधेपणानेही होतो. त्यातला एक लाख वाचवून नव्या कर्जात भरला, तर त्या घराचे सव्वादोन वर्षांचे हप्ते वाचतात, हे आकडे यजमानाने एकदा तरी डोळ्यांसमोर आणावेत.

काही पालक विचारतील, लवकर फेडले तर बँक दंड लावणार नाही काय? जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तींच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर असा दंड लावण्यास बँकांना मनाई केली. त्यानंतर २०२५ साली तिने आणखी व्यापक निर्देश काढले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या कर्जांना ते लागू आहेत. व्यक्तीने व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी बदलत्या दराने घेतलेल्या कर्जाची रक्कम पूर्ण किंवा काही अंशी मुदतीपूर्वी भरली, तर बँकेला अथवा वित्त कंपनीला त्यावर आकार घेता येत नाही. पैसा कोठून आणला हा प्रश्नही उरत नाही. स्थिर दराच्या कर्जाला मात्र आकार लागू शकतो, आणि पतसंस्थेचे नियम वेगळे असू शकतात. तेथे करारपत्र वाचून मगच पाऊल उचलावे.

बदलत्या दराचे आणखी एक अंग आहे. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. त्या काळात अनेकांचा हप्ता तोच राहिला, पण मुदत मात्र वाढली, आणि कित्येकांना त्याचा पत्ताही लागला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की, दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारावे. पुढे २०२५ सालच्या फेब्रुवारी ते जून या महिन्यांत रेपो दर साडेसहावरून साडेपाचावर आला. दर उतरला की बँकेला हप्ता कमी करायला सांगू नका. जुनाच हप्ता चालू ठेवा. त्या हप्त्याची तर सवय झालेलीच असते. घरात नवी काटकसर न करता होणारा हा जादा भरणा आहे.

जादा रक्कम भरताना कागद नीट करणे फार आवश्यक आहे. नुसते पैसे खात्यात टाकले तर काही ठिकाणी ते पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहतात आणि मुद्दल जिथल्या तिथे राहते. म्हणून अर्जात स्पष्ट लिहावे : ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी.’ पोच घ्यावी आणि परतफेडीचा नवा तक्ता मागून घ्यावा. त्या तक्त्यात तीन आकडे पाहावेत : शिल्लक मुद्दल, चालू दर, उरलेले महिने. हे तीन आकडे दर सहा महिन्यांनी मुलाने किंवा मुलीने वहीत उतरवून ठेवावेत. ज्यांचे यजमान परदेशी असतात अशा भगिनींना माझे आवर्जून सांगणे आहे की, कर्ज खात्याचा क्रमांक, करारपत्राची प्रत आणि हा तक्ता तुमच्या हाताशी असलाच पाहिजे.

आता व्याजाच्या प्रश्नाकडे वळतो. आपल्या समाजात हा केवळ हिशेबाचा प्रश्न नाही, हे मी जाणतो. गृहकर्ज घ्यावे की नाही, याचा शरीअतच्या दृष्टीने निर्णय देण्याचा मला अधिकार नाही. तो उलेमांना विचारावा. मी बोलतो आहे ते ज्यांनी कर्ज आधीच घेतले आहे त्यांच्याशी. अशी कितीतरी घरे आहेत की, जी व्याज नको म्हणून मुदत ठेव करत नाहीत आणि लाख-दोन लाख रुपये चालू खात्यात किंवा कपाटात नुसते ठेवून देतात. त्याच वेळी त्याच घरातून दरमहा पंधरा हजार रुपये व्याज बँकेला जात असते. व्याज घेणे टाळले, पण देणे चालूच राहिले! अडीअडचणीपुरती रक्कम बाजूला ठेवून बाकीची मुद्दलात भरली, तर एक पैसाही व्याज न घेता लाखाला दरमहा साडेसातशे रुपये व्याज देणे बंद होते. मनाला रुखरुख लावणारी गोष्ट लवकर संपवण्याचा यापेक्षा सरळ मार्ग मला माहीत नाही. एखाद्या सधन नातेवाइकाला मदत करायची असेल, तर त्याने कर्जे-हसना म्हणून दिलेले लाख रुपयेही येथे मोठे काम करतात. मात्र तेही लेखी असावेत आणि ठरल्या दिवशी परत करावेत.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. आपल्या वारसा कायद्यात मयताच्या मालमत्तेतून दफनविधीचा खर्च भागला की प्रथम त्याचे कर्ज फेडावे लागते. मग वसीयत, आणि त्यानंतर वारसांचे हिस्से. तेव्हा बापाने न फेडलेले कर्ज हा मुलांच्या हिश्शातला पहिला वाटेकरी असतो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझे बोलणे अर्धवट राहील. कर्ज लवकर फेडणे चांगले, पण सर्वांआधी तेच नव्हे. क्रेडिट कार्डाची थकबाकी, खाजगी सावकाराची उधारी, वैयक्तिक कर्ज यांचे दर गृहकर्जाहून कितीतरी चढे असतात. ती आधी संपवावीत. चार-सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेवावा, कारण भिंतीत गेलेला पैसा आजारपणाच्या रात्री भिंतीतून काढता येत नाही. कोणी म्हणतील, कर्जावर आयकरात सूट मिळते, मग घाई कशाला? जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती मिळत नाही. आणि वजावट मिळाली तरी शंभर रुपये व्याज देऊन वीस-तीस रुपये कर वाचतो. उरलेले सत्तर-ऐंशी आपलेच जातात. कोणी म्हणतील, तोच पैसा शेअर बाजारात अधिक वाढेल. वाढेलही, पण खात्रीने नाही. मुद्दलात भरलेल्या रुपयाने वाचणारे व्याज मात्र निश्चित असते. ज्याची मिळकत बेताची आहे त्याने निश्चित गोष्टीला प्राधान्य द्यावे, असे माझे मत आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे : जादा हप्ता मुलांच्या फीमधून, पुस्तकांतून किंवा दुधातून काढू नये. मुलीला दहावीनंतर घरी बसवून जे कर्ज चार वर्षे आधी फिटले, ते फिटले असे मी मानणार नाही. घर वीस वर्षांत फेडता येते, बारा वर्षांतही फेडता येते. अकरावीचा प्रवेश मात्र त्या त्या वर्षीच घ्यावा लागतो.

मग मुदत ठरवायची कशी? बँक आपले वय आणि पगार पाहून मुदत ठरवते. पालकांनी ती मुलाच्या इयत्तेवरून ठरवावी. कर्ज घेतले तेव्हा मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे असे धरू. वीस वर्षांनी कर्ज संपेल तेव्हा ती सत्तावीस वर्षांची असेल; म्हणजे तिचे बारावी, पदवी, पुढचे शिक्षण, सारा खर्चाचा काळ कर्जाच्या ओझ्याखालीच जाणार. तेच दरमहा पाच हजार जादा भरून बारा वर्षांत संपवले, तर ती एकोणीस वर्षांची, पदवीच्या वर्गात असेल. त्या महिन्यापासून हप्ता आणि जादा रक्कम मिळून जवळजवळ तेवीस हजार रुपये घरात मोकळे होतात. वर्षाला पावणेतीन लाख! ज्या घराला बारा वर्षे एवढी रक्कम बाजूला काढायची सवय लागली आहे, त्याने ती आणखी चार वर्षे मुलीच्या शिक्षणासाठी काढली, तर शिष्यवृत्तीच्या रांगेत उभे राहण्याची वेळही कदाचित येणार नाही. पाच हजार एकदम जमत नसतील तर एक हजारापासून सुरुवात करा आणि प्रत्येक पगारवाढीबरोबर पाचशे-हजार वाढवत जा. मुलाची इयत्ता वाढते तसा भरणा वाढावा.

कर्ज फिटल्यावर पेढे वाटून गप्प बसू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेला नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे : पूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांच्या आत घराची मूळ कागदपत्रे परत दिली पाहिजेत, बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. मूळ खरेदीखत मोजून घ्यावे, कर्ज नसल्याचा दाखला घ्यावा, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत किंवा मिळकत पत्रिकेवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवून घ्यावा. बोजा कागदावर राहिला, तर पुढच्या पिढीला घर विकताना किंवा वाटणी करताना कचेरीचे उंबरे झिजवावे लागतात.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी तुमच्यासाठी एक काम. या सुट्टीत वडिलांकडून किंवा आईकडून घराच्या कर्जाचा तक्ता मागा. कर्ज नसेल तर मामा-चाचांचा मागा. शिल्लक मुद्दल, दर आणि हप्ता घेऊन बारा महिन्यांचा हिशेब स्वतः मांडा : व्याज किती, मुद्दल किती. मग त्यात दरमहा एक हजार जादा घालून पुन्हा मांडा. दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवून आईवडिलांना दाखवा. घरातल्या माणसांनी एकत्र बसून केलेला असा एक हिशेब माझ्या तासाभराच्या भाषणापेक्षा अधिक उपयोगी पडेल. आणि घरात काटकसर का चालली आहे हे ज्या मुलाला आकड्यांत समजले, तो नव्या मोबाइलचा हट्ट धरताना दोनदा विचार करील, अशी मला आशा आहे.

पालकहो, घर हे मुलांसाठी असते, असे आपण सारेच म्हणतो. मग त्या घराचे कर्ज मुलांच्या शिक्षणाच्या आड येऊ नये, एवढी व्यवस्था आजच करू या. 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.